कापसाच्या खोलीतले ठोके

पांढरकवड्यात ऑर्केस्ट्रातल्या ड्रमसेटला जाझ म्हणतात. पायानं वाजतो तो बेस, मांडीजवळचा स्नेअर, त्याच्या वर दोन टॉम आणि बाजूला दांडीवर बसवलेल्या पितळी थाळ्या, असा सगळा संसार मिळून जाझ. अश्वजित नगराळे हा जाझ वाजवायचा. रुपाली त्याची बायको, आणि ही गोष्ट तशी रुपालीचीच आहे.

रुपाली पुसदची. कॉलेजात असताना भीमजयंतीच्या कार्यक्रमाला ती मैत्रिणींसोबत उशिरा पोचली. समोर जागा उरली नव्हती, म्हणून सगळ्याजणी स्टेजच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या जवळ बसल्या. तिथून गाणारा दिसत नव्हता. दिसत होती ती जाझवाल्याची घामानं भिजलेली पाठ. गाणं संपलं की तो वळायचा, खाली ठेवलेल्या तांब्यातलं पाणी प्यायचा आणि पुन्हा पाठ करून बसायचा. "मी तुमचा चेहरा तुकड्यातुकड्यानं पाह्यला," असं ती लग्नानंतर त्याला म्हणायची.

लग्न होऊन ती पांढरकवड्याला आली तेव्हा ऑर्केस्ट्राचे बरे दिवस होते. जयंती, गणपती, दुर्गा आणि मधल्या काळात लग्नं. अश्वजित दुपारी उठायचा, संध्याकाळी मेटॅडोरमध्ये सामान चढवायचा आणि सकाळी परत यायचा. येताना कुठल्या तरी गावचा चिवडा किंवा हरभऱ्याचा ओला टहाळा घेऊन यायचा. दोन-तीन वर्षं अशी गेली.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्या वर्षांबद्दल बाहेरगावच्या लोकांनी पुष्कळ लिहिलं. आमच्या गावात ती आधी ऐकू आली. जिनिंगचा आवाज हंगाम संपण्याआधीच थांबायला लागला. बाजाराच्या दिवशी गलका कमी झाला. मंडळांची वर्गणी जमेना, आणि जिथं पूर्वी ऑर्केस्ट्रा यायचा तिथं पोरं सीडी लावून दोन भोंगे टांगायला लागली. ऑर्केस्ट्राच्या मालकानं साऊंड विकला. कीबोर्ड वाजवणारा पियुष नागपूरला एका स्टुडिओत लागला. अश्वजितच्या वाट्याला जाझ आला. तो त्यानं घरी आणून बाहेरच्या खोलीत मांडला आणि त्याच्या आईनं, सत्यभामाबाईंनी, त्यावर जुनं लुगडं पांघरलं. "उघडं असलं की घरात कोनी बसून असल्यासारखं वाटते," त्या म्हणाल्या.

अश्वजितकडे मोठ्या गाडीचं लायसन होतं. हैदराबादच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये त्याला काम मिळालं, नागपूर-हैदराबाद, हैदराबाद-नागपूर. हा रस्ता पांढरकवड्यावरूनच जातो, आणि जीव तुटायचा तो त्यामुळेच. माणूस गावावरून जायचा पण गावात यायचा नाही. वडकीच्या किंवा पाटणबोरीच्या अलीकडून तो मिस्ड कॉल द्यायचा. रुपाली हातातलं काम टाकून सायकलनं गावाबाहेरच्या ढाब्यावर जायची. क्लीनर टायर ठोकून बघेपर्यंत, चहा होईपर्यंत दोघं बाजेवर बसायचे. बोलायचं खूप ठरवलेलं असायचं. प्रत्यक्षात ती विचारायची, "जेवले काय?" आणि तो म्हणायचा, "आईचं बीपी कसं हाये?" मग गाडी निघायची. सायकल वळवून ती परत यायची तेव्हा तिच्या ओढणीला डिझेलचा वास असायचा. ती ओढणी ती लगेच धुवायला टाकत नसे.

रुपालीनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि बसस्टँडजवळच्या एका क्लासमध्ये ती शिकवायची. उरलेल्या वेळात लग्नपत्रिका जुळवायची, पोरांच्या मोबाईलच्या कार्डात गाणी भरून द्यायची. तिथंच तिला आवाजाचं काम सापडलं. बियाण्याची जाहिरात असो, नेत्रतपासणीचं शिबिर असो की धम्म परिषद, ऑटोवर भोंगा लावून गावभर पुकारा करायचा तर आधी तो कुणीतरी बोलून रेकॉर्ड करावा लागतो. रुपालीचा आवाज स्वच्छ होता. एक माईक, एक कॉम्प्युटर आणि क्लासवाल्याकडं आधीपासून पडलेलं एक जुनं सॉफ्टवेअर, एवढ्यावर ती बोलायची, खोकला कापायची, मागं सनई जोडायची. थोड्याच दिवसांत राळेगाव, मारेगावपर्यंतचे ऑटो तिच्या आवाजात बोलायला लागले. अश्वजितनं एकदा वडकीच्या चौकात तिचा आवाज ऐकला आणि गाडी बाजूला घेऊन ऑटो दिसेनासा होईपर्यंत थांबला. हे त्यानं तिला सांगितलं नाही. क्लीनरनं सांगितलं.

पियुषचा फोन आला तो अशाच एका दिवाळीनंतर.

"वहिनी, मी भीमगीतांचा अल्बम करून राह्यलो," तो म्हणाला. "इथं सगळे पॅडवरच वाजवतात. सगळ्या गाण्याले एकच टपटप. मले खरा जाझ पाह्यजे, अश्वजितभाऊचा. पण त्यायले नागपूरले बोलावून स्टुडिओ घ्यायचं माह्या हातात नाई. तुमी तिथंच रेकॉर्ड करून पाठवता काय? हे जमलं तर पुढचे अल्बमबी तसेच करू. भाऊले घरीच बसून काम होईल."

रुपालीच्या कानात शेवटचं वाक्य तेवढं राहिलं.

तिनं ढाब्यावर हे अश्वजितला सांगितलं तेव्हा तो हसला. "जाहिरात रेकॉर्ड करनं येगळं. जाझ एका माईकमधी मावत नाई."

ते खरंच होतं. तो घरी आला त्या एका दिवशी तिनं एक माईक समोर धरून पाहिला. ऐकताना पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटलं. बेस कुठंच नव्हता आणि थाळ्या मात्र कानात घुसत होत्या. पियुषला कळवल्यावर त्यानं स्टुडिओतला जुना, चार माईक लागणारा डबा आणि माईक ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवून दिले. एक माईक बेसच्या पोटात, एक स्नेअरवर आणि दोन वर, अख्ख्या सेटसाठी. चारही आवाज एकाच वेळी, पण वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, नोंदायचे. इथून तिचा सॉफ्टवेअरचा शोध सुरू झाला.

जुनं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी ठीक होतं. जाझचं दुखणं असं की एक ठोका चारही माईकमध्ये जातो. बेसच्या पट्टीतून चूक कापली आणि बाकीच्या पट्ट्या तशाच राहिल्या, की तोच ठोका दोनदा ऐकू येतो, एक पाय आखूड असलेला माणूस चालल्यासारखा. तिला प्रत्येक पट्टी वेगळी मोजून कापावी लागायची. त्यात एकदा कापून फाईल सेव्ह झाली की मूळ परत मिळायचं नाही. अश्वजितनं घरी चाचणीसाठी वाजवलेला एक छान तुकडा तिच्या हातून असाच गेला. तो पुढच्या फेरीला पुन्हा वाजवता आला असता, पण त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष लागलं नाही.

मग पियुषनं स्टुडिओतल्या मोठ्या सॉफ्टवेअरची गोष्ट काढली. ते फार देखणं होतं. पडद्यावर खऱ्या मशीनसारखी बटणं, दिवे. पण क्लासचा तो बिचारा कॉम्प्युटर त्याला पुरा पडेना. गाणं अर्ध्यावर आलं की पंखा घरघरायचा, पडदा थिजायचा आणि पुढचं वाजवणं हवेत जायचं. शिवाय ते चालवायला लागणारी विकतची किल्ली एकट्या स्टुडिओकडंच होती. नवा कॉम्प्युटर घेण्याचा प्रश्न नव्हता.

तिसरं सॉफ्टवेअर तिनं स्वतः शोधलं. नेट कॅफेत बसून ती देशोदेशीच्या ड्रम वाजवणाऱ्यांच्या गप्पा वाचायची. इंग्रजी तिला अडखळत यायचं. कुणी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं म्हणे, दुसरा त्याला हसे. त्या भांडणात रीपर असं एक नाव पुन्हा पुन्हा यायचं. ते इतकं लहान होतं की पेनड्राईव्हच्या एका कोपऱ्यात बसलं. आधी वापरून पाहा, पटलं तर विकत घ्या, असा त्यांचा व्यवहार. उघडताना ते तेवढी आठवण करून द्यायचं. तिनं चार पट्ट्या एका गटात बांधल्या आणि एकीवर कात्री चालवली. चारही पट्ट्या एकाच जागी कापल्या गेल्या. मग तिनं कापलेला तुकडा ओढून पाहिला आणि मूळ रेकॉर्डिंग आतून जसंच्या तसं निघालं. काहीच नाहीसं होत नव्हतं. आणखी एक गंमत होती. सांगितलं की ते प्रत्येक ठोका आपला आपण ओळखायचं आणि तिथं रेघ मारायचं.

तिनं अश्वजितला फोन केला. तो आदिलाबादजवळ कुठंतरी होता.

"आता चुकलं तरी चालते," ती म्हणाली. "किती बी कापा, मूळ तसंच राह्यते."

"मंग त्याले सोडू नको," तो म्हणाला. मागं हॉर्न वाजत होता. "तेच ठेव."

पुढं पियुषनं त्याच्या कार्डावरून ते रीतसर विकत घेऊन दिलं.

सॉफ्टवेअर ठरलं, आता जागा नव्हती. घराचं छत पत्र्याचं. बेस वाजला की पत्रा वाजायचा, आणि हायवेवरच्या गाड्या तर चोवीस तास. रुपालीनं भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडकीत उशा कोंबल्या. फरक पडला, पण पियुषला हवा तेवढा नाही. "वहिनी, खोली ऐकू येते," तो म्हणायचा. "खोली ऐकू नाई आली पाह्यजे. फक्त जाझ."

ती खोली तिला भगवानरावांकडं सापडली. वडकीच्या आतल्या बाजूला त्यांचं गाव. पोरीच्या, अर्पिताच्या, लग्नात त्यांनी हाच ऑर्केस्ट्रा बोलावला होता, आणि आता ते शेतकऱ्यांच्या मेळाव्याची जाहिरात करून घ्यायला क्लासमध्ये आले होते. बोलता बोलता म्हणाले, यंदा भाव नाही म्हणून कापूस विकलाच नाही, घरातल्या मोठ्या खोलीत भरून ठेवलाय, पार आढ्यापर्यंत. "त्या खोलीत गेलं की आपलाच आवाज आपल्याले ऐकू येत नाई," असंही म्हणाले. रुपाली खुर्चीवरून उठली.

"भाऊ, ते खोली मले दाखवता काय?"

तिनं जाऊन पाहिली. तीन बाजूंनी कापसाच्या पांढऱ्या भिंती, मधे एक बाज मावेल एवढी मोकळी जागा. तिनं टाळी वाजवली. टाळी हातातच संपली.

भगवानराव दारात उभे होते. "गाणे कोनते हायेत?"

"जयंतीचे."

त्यांनी खोलीतल्या कापसाकडं पाहिलं. मग म्हणाले, "वाजवा. कापसाले काय फरक पडते."

त्यांच्या बायकोची, विमलताईंची, काळजी वेगळी होती. कापसात वायर नेणार, ठिणगी पडली तर? रुपालीनं सगळ्या वायरी दारातून नेल्या, कॉम्प्युटर बाहेर ओसरीवर ठेवला, आणि खोलीत फक्त माईक आणि अश्वजित राहतील असं कबूल केलं. तरीही विमलताई पाण्याच्या दोन बादल्या भरून दाराशी ठेवून गेल्या.

फेब्रुवारीत अश्वजितनं सुट्टी काढली. तो गाडीवर लागल्यापासून पहिल्यांदाच दोघं इतके दिवस सलग सोबत होते. सकाळी पांढरकवड्याहून निघायचं, लाईन असेल तोवर वाजवायचं, लोडशेडिंग सुरू झालं की विमलताईंच्या ओसरीवर भाकर खायची. कापसात बसून अश्वजितला खाज सुटायची. रुपाली त्याच्या पाठीला खोबरेल तेल लावून द्यायची आणि विमलताई आत तोंड फिरवून हसायच्या.

पहिल्या दिवशी काहीच जमेना. पियुषनं पाठवलेल्या सीडीत गाणाऱ्याचा आवाज होता आणि सोबत घड्याळासारखी टिकटिक. त्या टिकटिकीवरच वाजवायचं. अश्वजितला सवय गाणाऱ्याचा श्वास बघून वाजवायची. तो हेडफोन काढून बाहेर यायचा.

"हे मले मागून ढकलून राह्यलं."

"तुमी मागं राहून राह्यले."

"मी मागंच राह्यतो. तिथंच मजा हाये."

तिनं टिकटिक अगदी बारीक केली आणि गाणाऱ्याचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गाणं एका दमात झालं. ओसरीवर हेडफोन लावून बसलेल्या रुपालीला तो दिसत नव्हता, दाराला गोधडी टांगलेली. पण चार माईकमधून तिला सगळं येत होतं. गाण्याच्या आधी त्यानं घेतलेला श्वास, स्टुलाची करकर, काडी बदलताना हातावर पुसलेला घाम. इतका जवळ तो कधी घरातही नव्हता. गाणं संपल्यावर तो आतून म्हणाला, "झालं काय?" आणि ती उत्तर द्यायचं विसरून गेली. त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आनखी एकदा वाजवा." त्याची गरज नव्हती. ते गाणं नीट झालं होतं.

तीन गाणी अशी झाली. तिसऱ्या गाण्याच्या संध्याकाळी दारोदार फिरून कापूस घेणारा खेडा खरेदीवाला व्यापारी आला. भाव जरासा चढला होता. भगवानराव बराच वेळ त्याच्याशी अंगणात बोलले आणि मग रुपालीजवळ येऊन उभे राहिले.

"उद्या गाडी येईल पोरी. आता थांबता येत नाई मले."

त्यांचा कापूस, त्यांची खोली.

दुसऱ्या दिवशी माणसं एकीकडून कापूस भरत होती आणि अश्वजित दुसरीकडं बसला होता. गाडी भरणं मधे थांबलं की तो वाजवायचा. चौथं गाणं झालं तेव्हा एक भिंत उघडी पडली होती. पाचवं झालं तेव्हा खोली रिकामी होती. मातीच्या भिंती, कोपऱ्यात सरकी आणि पाल. अश्वजितला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्या गाण्यात तो इतका खुलून वाजवत होता की गाडीवरची माणसं खाली उतरून दाराशी उभी राहिली. रुपालीला मात्र हेडफोनमध्ये प्रत्येक ठोक्यामागं भिंत ऐकू येत होती. संध्याकाळी त्यांनी जाझ बांधला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी अश्वजित पुन्हा ट्रान्सपोर्टच्या गाडीवर गेला.

पुढचा महिनाभर ती क्लास सुटल्यावर एडिटिंगला बसायची. पहिल्या तीन गाण्यांत फारसं काम नव्हतं. पियुष म्हणाला, ठोके टिकटिकीवर सरळ बसवून दे. तिनं एक गाणं तसं करून पाहिलं. सॉफ्टवेअरनं रेघा मारल्या, ठोके ओढून जागेवर बसवले. ऐकताना ते चांगलं वाटलं आणि ऐकून झाल्यावर तिला कळलं की तिनं एकदाही अश्वजितचा विचार केला नाही. तरी तिनं तिन्ही गाणी सरळ करून पाठवली. अल्बम पियुषचा होता, आणि काम त्याला पसंत पडायला हवं होतं. त्यावर अश्वजितचं घरी येणं होतं.

चौथं आणि पाचवं गाणं पियुषनं परत केलं. "खोली ऐकू येते, वहिनी. हे नाई चालनार. पन एक करा. पयल्या गाण्यांतले सुटे ठोके काढून पाठवा. बेसचे, स्नेअरचे, थाळ्यांचे. हळू, मध्यम, जोरात, सगळे. ह्या दोन गाण्यांत कुठं कमी पडलं तर मी तिथं भरतो."

ते तिनं फार मन लावून केलं. प्रत्येक ठोका रेघेवर कापायचा, त्याची शेपूट हळूच विझवायची, नाव द्यायचं. कापसाच्या खोलीतले ते ठोके इतके स्वच्छ होते की एकेक वेगळा काढताना शेंग सोलल्यासारखं वाटायचं. कुठला ठोका तो थकला असतानाचा आणि कुठला भाकर खाल्ल्यानंतरचा, हेही तिला कळायचं.

अल्बम जयंतीला आला. आमच्या गावच्या मिरवणुकीत वाजला. सत्यभामाबाई दारात उभ्या राहून शेजारणीला म्हणाल्या, "हे माह्या पोराचं वाजवनं हाये." अश्वजित त्या दिवशी हैदराबादच्या बाहेर गोदामाशी रांगेत उभा होता. रुपालीनं फोन भोंग्याच्या दिशेनं धरला. त्याला गोंगाटच ऐकू आला, पण तो बराच वेळ धरून राहिला.

ती पुढच्या कामाची वाट बघायला लागली. पाऊस येऊन गेला, दसरा आला. पियुषचा दुसरा अल्बम निघाला आणि तिसराही. ती गाणी पोरांच्या कार्डात भरता भरता तिनं हेडफोन लावला आणि हात थांबला. स्नेअर अश्वजितचा होता. बेस त्याचा होता. तो मध्यम ठोका, ज्याला तिनंच नाव दिलं होतं, तो दर दुसऱ्या ओळीला पडत होता, एकसारखा, जसाच्या तसा. पण हे गाणं अश्वजितनं कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

तिनं पियुषला फोन लावला. तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता.

"हो वहिनी, तेच ठोके वापरले. कीबोर्डवर लावले आन बोटानं वाजवले. असा आवाज नागपुरात कोनापाशी नाई. नाव टाकलं हाये ना मी भाऊचं कव्हरवर." मग म्हणाला, "आता पुन्हा रेकॉर्ड करायची गरज पडली नाई. खरं सांगतो."

"बरं," ती म्हणाली. तिला रागवायचं होतं, पण कुणावर ते सापडेना.

त्यानंतरचा काळ तिला विचित्र गेला. ऑटो गेला की त्यात तिचा आवाज आणि मागं लावलेल्या गाण्यात त्याचे ठोके. मंडपात तो, लग्नात तो, पानठेल्यावर तो. गावभर अश्वजित वाजत होता आणि गावात अश्वजित नव्हता. संध्याकाळी ती परत आलेली दोन गाणी उघडून बसायची. ती तिनं सरळ केली नाहीत. भिंतीचा आवाज काढता येत नाही हे तिला माहीत झालं होतं. तिनं तो तसाच ठेवला, वाटलं तिथं उलट वाढवला. कुणाला द्यायची नव्हती, त्यामुळे घाईही नव्हती. त्या गाण्यांत अश्वजित टिकटिकीच्या जरासा मागं होता, जिथं त्याला मजा यायची तिथंच.

हे सगळं तिनं त्याला सांगितलं ते उन्हाळ्यात, ढाब्यावर. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या वावरांवरून गरम वारा येत होता. तो ऐकत होता, चहा निवत होता.

"पियुषचं चुकलं नाई," तो शेवटी म्हणाला. "एकदा ठोका भेटला की मानसाले कायले बोलावन?"

"तुमाले राग नाई आला?"

"कोनावर करू?"

क्लीनर पुढच्या टायरपाशी गेला. एवढ्यात तो गाडी सुरू करायला सांगेल हे रुपालीला ठाऊक होतं. तिनं बाजेच्या दोरीकडं बघत म्हटलं, "मले वाटलं होतं, तुमी घरी याल. म्हनून मी एवढं केलं. मले गान्याचं काही पडलं नव्हतं."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. अश्वजितनं चहा संपवला, ग्लास ठेवला आणि उठून केबिनचं दार उघडलं. "चढ," तो म्हणाला. "वडकीपर्यंत चाल. तिथून तुले बस हाये."

"सायकल?"

"ढाब्यावर राहील. कोन नेते."

ती चपला सावरत वर चढली. क्लीनर मागच्या बाकावर सरकला आणि गमछा तोंडावर घेऊन झोपल्यासारखं केलं. गाडी हलली. इतक्या उंचावरून तिनं आपला रस्ता कधी पाहिला नव्हता. करंजीचा चढ, जिनिंगची बंद फाटकं, सावलीत बसलेल्या बकऱ्या. कुठल्या वळणावर गाडी जड जाते ते त्यानं दाखवलं. कुठल्या ढाब्यावरची डाळ बरी ते सांगितलं. तिनं हेडफोनची एक गुंडी त्याच्या कानात दिली आणि पाचवं गाणं लावलं. इंजिनाच्या आवाजात त्याला कितपत ऐकू आलं कोण जाणे. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "हे बरं झालं होतं." आणि जरा वेळानं, "भगवानरावची खोली मोठी होती नाई?"

वडकीला ती उतरली. तो पुढं गेला.

अश्वजित त्यानंतर बरीच वर्षं गाडीवर राहिला. अजून आहे. रुपालीनं क्लास सोडून स्वतःची खोली केली. जाहिराती करते, आणि कधी केळापूरच्या बाजूच्या पोडांवरून, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरून, कोलामांची मंडळी ढोल घेऊन आली तर त्यांचंही रेकॉर्डिंग करते, बाहेर अंगणात, त्याच सॉफ्टवेअरवर. त्यांचे सुटे ठोके कुणी मागितले तर नाही म्हणते. कारण सांगत नाही.

पण उन्हाळ्यातल्या त्या दिवसापासून ढाब्यावरची बाज सुटली. मिस्ड कॉल आला की ती रस्त्यावर उभी राहते आणि गाडी उत्तरेकडं असेल तर वडकीपर्यंत, दक्षिणेकडं असेल तर पाटणबोरीपर्यंत त्याच्या शेजारी बसून जाते. एकदा हिंगणघाटपर्यंत गेली होती. येताना एसटी. त्या मार्गावरचे कंडक्टर तिला आता ओळखतात. एकटी, हातात काही सामान नाही, कुठं गेली होती असं कुणी विचारत नाही. तिकीट फाडता फाडता एखादा म्हणतो, "आज लवकर सोडलं काय भाऊनं?"

"नागपूरले माल वेळेवर द्यायचा होता," ती म्हणते, आणि खिडकीकडं सरकून बसते.